वाचता येत नसलं तरी कळायला पाहिजे : गोळीवरचा सूर्य, दंडाची पट्टी आणि पिशवीचं चित्र

बीड : सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीत गर्दीच्या वेळी एका माणसाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. "ही सकाळ-संध्याकाळ, ही रात्री जेवल्यावर, ही उपाशीपोटी, ही ताप आला तरच." एवढं कानावर पडतं, तोवर मागचा माणूस पुढं सरकलेला असतो. हातात चार प्रकारच्या गोळ्या, त्यातल्या दोन पांढऱ्या आणि एकसारख्या. घरी येईस्तोवर उपाशीपोटीची कोणती अन् तापाची कोणती, हे शिकल्यासवरल्या माणसाच्याही ध्यानात राहत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्यानं शाळेतून पोरगं यायची वाट बघायची. आणि चिठ्ठीवरचं अक्षर बऱ्याचदा त्या पोरालाही लागत नाही.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के होती. पुरुषांची ८५ च्या पुढं, बायकांची ६८ च्या आसपास. म्हणजे सात वर्षांवरच्या दर तीन बायकांमागं एकीला वाचता येत नव्हतं. जे साक्षर धरले गेले त्यांच्यातही सही करण्यापुरती ओळख असलेले पुष्कळ. दवाखान्याचं काम मात्र सगळं कागदावर : केसपेपर, चिठ्ठी, रिपोर्ट, संमतीपत्र. घरातल्या दुखण्याखुपण्याचं बघणारी बाई आणि कागद, यांचीच गाठ पडत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. चित्र, रंग, मणी, भोपळा, दिवा. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये आणि लांबच्या गडचिरोलीत हे करून दाखवलेलं आहे. ते कसं चालतं, कुठं फसतं आणि आपल्या घरात त्यातलं काय करता येईल, ते या लेखात.

औषधाच्या डब्यावरचा रंग शेतकऱ्याला कळतो, पण पूर्ण नाही

कीटकनाशकाच्या डब्यावर किंवा बाटलीवर एका टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण पडतात. खालच्या त्रिकोणात रंग असतो : लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी. हा रंग माणसाला होणाऱ्या धोक्याचा आहे. कीड किती मरेल याच्याशी त्याचा संबंध नाही. तरीही 'लाल म्हणजे पॉवरफुल' असं समजून तेच मागणारे शेतकरी आहेत आणि 'हिरवा म्हणजे काही होत नाही' असं धरून उघड्या हातानं औषध कालवणारेही आहेत.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डब्यांवर त्रिकोण तेव्हाही छापलेलेच होते. चित्र छापलं म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चित्राचा अर्थ कुणीतरी समोर बसून सांगावा लागतो, आणि ऐकणाऱ्याला तो कळला का, हे परत विचारावं लागतं.

माणसांच्या औषधावरही अशी खूण आहे. गोळ्यांच्या काही पट्ट्यांवर एका बाजूनं उभी लाल रेघ असते. ती असली की ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. जंतू मारणाऱ्या गोळ्या, म्हणजे अँटिबायोटिक, यातच येतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं या लाल रेघेची मोहीम काढली होती. गावात विचारून बघा, किती जणांना ही रेघ माहीत आहे ते.

लसीच्या बाटलीवरची खूण तर याहून हुशारीची. छोटा गोल आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिक्का असेल तर लस चांगली. लस उन्हात, गरमीत राहिली की चौकोन हळूहळू गडद होत जातो. तो गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला की ती बाटली फेकायची. थर्मामीटर नको. अंगणवाडीत लसीकरण असतं तेव्हा सिस्टरला "बाटलीचा चौकोन दाखवा" म्हणायला कुणाचीच हरकत नसावी.

जामखेड : पाटी-पेन्सिल नसलेल्या बायका

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं १९७० मध्ये जामखेडला आलं. तिथं त्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला शिकलेल्या नर्स गावात ठेवून बघितल्या. ते जमलं नाही. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. काही दलित समाजातल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. अशा बाईला आरोग्य शिकवायचं तर पुस्तक उपयोगाचं नव्हतं. चित्रांची कार्डं, गाणी, छोटी नाटकं आणि पुन्हा पुन्हा बोलणं, असं शिक्षण ठेवलं. बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन ते सांगायच्या, आणि पुढच्या खेपेला काय अडलं ते घेऊन परत यायच्या.

या परत येण्यातच सगळं होतं. गावात कार्ड दाखवल्यावर बाया काय म्हणाल्या, कुठं हसल्या, कुठं उलटं समजल्या, हे शिकवणाऱ्यांपर्यंत पोचत होतं. आज सरकारी पोस्टर मुंबईत छापून निघतं, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर चिकटवलं जातं आणि तिथंच उन्हानं पांढरं पडतं. त्यावर कुणी काय म्हणालं, हे छापणाऱ्याला कधीच कळत नाही.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण जामखेडची आठवण काढताना बाहेरचे लोक एका वेगळ्याच प्रसंगाबद्दल बोलतात. १९८८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला आरोग्याची मोठी परिषद होती. तिथं जामखेडची एक आरोग्य कार्यकर्ती बोलायला उभी राहिली. सभागृहात वर मोठी झगमगती झुंबरं होती. तिनं ती दाखवली आणि डॉक्टरांची तुलना त्या झुंबरांशी केली : देखणी, महाग आणि हात न पोचणारी. मग पर्समधून साधे वातीचे दिवे काढले, एक पेटवला आणि त्यावरून दुसरा लावून दाखवला. झुंबराला ते जमत नाही, दिव्याला जमतं. फार इंग्रजी न बोलता तिनं सगळं सभागृह गप्प केलं. वस्तू हातात घेऊन बोललं की काय होतं, ते यात आलं.

भोपळ्याचं बाळ

मेक्सिकोच्या डोंगराळ भागात काम केलेले डेव्हिड वर्नर आणि त्यांचे सहकारी बिल बोअर यांनी १९८२ मध्ये आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवण्याबद्दल एक जाड पुस्तक लिहिलं. त्यातलं भोपळ्याचं बाळ जगभर गेलं. आपल्याकडं ते सहज करता येतं, भोपळा नसला तर प्लास्टिकच्या बाटलीचं.

बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून टाकायचा. खाली एक बारीक भोक पाडून त्यात काडी बसवायची. बाटली पाण्यानं काठोकाठ भरायची आणि तोंडावर पातळ ओलं फडकं अंथरायचं. हे फडकं म्हणजे बाळाची टाळू. आता खालची काडी काढायची. पाणी वाहायला लागतं, म्हणजे बाळाला जुलाब लागले. पाणी खाली जाईल तसं वरचं फडकं आत ओढलं जातं, खोलगट होतं. टाळू बसली.

आपल्याकडं टाळू भरायची म्हणून तेल घालतात. टाळू बसली की अजून तेल, कुणी टाळू वर ओढायला बघतं. बाटलीच्या बाळाला वरून कितीही तेल घाला, फडकं वर येत नाही. पाणी ओतलं की मात्र डोळ्यादेखत वर येतं. जुलाबात पाणी पाजायचं की बंद करायचं, यावर सासू-सुनेत जो वाद होतो तो पाच मिनिटांत मिटतो. कारण कुणी कुणाला चूक ठरवत नाही, दोघी मिळून फडक्याकडं बघतात.

गडचिरोलीचे मणी

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीत १९८० च्या दशकात लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे जोरात चाललेला श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, तर धोका. पण मोजणार कोण? गावातल्या सुईणींना शिकवायचं ठरलं. त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं आणि बऱ्याच जणींना दहा-बाराच्या पुढं मोजता येत नव्हतं.

मग मोजायचंच दहापर्यंत, असं ठरवलं. एका पाटीवर मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ बसवलं आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळासाठी, एक मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. परत एकपासून दहा, परत एक मणी. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. ना ५० हा आकडा लागतो, ना मिनिट म्हणजे काय हे सांगावं लागतं.

गडचिरोलीच्या गावांतल्या या कामाचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. जिथं गावातच ओळख आणि उपचार झाले, तिथं न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. ते सगळं मण्यांमुळं झालं असं नाही, औषध आणि माणसं होतीच. पण बाई अडाणी आहे म्हणून तिला जमणार नाही, असं तिथं कुणी म्हटलं नाही. तिला जे येतं त्याच्या मापाचं अवजार केलं.

चित्र कुठं फसतं

आरोग्य प्रशिक्षणात एक किस्सा नेहमी सांगितला जातो. गावात मलेरियाची माहिती द्यायला मोठ्ठ्या डासाचं पोस्टर लावलं. लोकांनी बघितलं आणि निवांत झाले. एवढाले डास आमच्याकडं नसतात म्हणाले. किस्सा खरा असो की रचलेला, चूक खरी आहे. नुसतं हात, नुसतं पोट, नुसतं काळीज काढलेलं चित्रही बघणाऱ्याला लागत नाही. माणूस पूर्ण दाखवून मग आतला भाग दाखवला तर लागतं.

चित्रांचा क्रम ही दुसरी खोड. एक, दोन, तीन असे चौकोन डावीकडून उजवीकडं वाचायचे, हे वाचणाऱ्याला आपोआप येतं. ज्यानं कधी ओळ वाचलेली नाही, तो कुठूनही सुरुवात करतो. मग आजारी माणूस गोळी घेऊन बरा होतो, की बरा माणूस गोळी घेऊन आजारी पडतो, दोन्ही निघू शकतं. एका कार्डावर एकच चित्र आणि एका वेळी एकच गोष्ट, हे त्यामुळंच बरं.

फुलीचं तसंच. चित्रावर लाल फुली म्हणजे 'हे करू नका'. पण ज्याच्या हयातीत फुली म्हणजे निवडणुकीत शिक्का मारायची खूण, त्याला ते तसं दिसेलच असं नाही.

दक्षिण आफ्रिकेत औषधांवरच्या चित्रांचा अभ्यास झाला तेव्हा अमेरिकेत तयार झालेल्या खुणांपेक्षा तिथल्याच लोकांना विचारून काढलेल्या खुणा त्यांना जास्त कळल्या. आपल्याकडं जेवणानंतरची गोळी सांगायला काटा-चमचा काढण्यात अर्थ नाही. भाकरीचं ताट काढावं.

आणि गोळीचा रंग. "लाल गोळी सकाळी, पिवळी रात्री" असं घरोघरी पाठ करतात. धोका इथंच आहे. बीपीची तीच गोळी पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची मिळाली तर तिचा रंग, आकार, पट्टी सगळं बदलतं. मग म्हातारा माणूस जुनी आणि नवी दोन्ही घेतो, म्हणजे डबल डोस. नाहीतर 'ही माझी नव्हे' म्हणून एकही घेत नाही. खूण पट्टीवर करावी, गोळीच्या रंगावर विसंबू नये. सरकारी लोहाच्या गोळ्या याला अपवाद, त्यांचे रंग देशभर ठरलेले आहेत : पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना निळी, गरोदर आणि इतर बायकांना लाल. ही गोळी सुरू केल्यावर संडास काळी होते. आधी सांगितलेलं नसलं की बाई घाबरून गोळ्या भिंतीच्या कोनाड्यात टाकते, आणि तिचं रक्त तेवढंच राहतं.

पिशवीचं चित्र कुणी दाखवलं?

बीडला हा विषय नुसता गोळ्यांचा नाही.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची चर्चा देशभर झाली. सरकारनं विधान परिषदेच्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. जवळजवळ सहा जणींमागं एक.

सगळीच ऑपरेशनं विनाकारण झाली असं म्हणता येणार नाही. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, खरोखरचा कॅन्सर असेल तर पिशवी काढावी लागते. पण ज्या तक्रारी घेऊन बायका जात होत्या त्यात अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळी अनियमित असणं यांचा भरणा होता. यातल्या बऱ्याच गोष्टी जंतुसंसर्गानं होतात आणि गोळ्यांनी बऱ्या होतात. फडात पाणी नाही, संडास नाही, कपडा बदलायला आडोसा नाही, तिथं संसर्ग होणारच. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस पडलं की खाडा. अशा वेळी 'पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल' हे वाक्य ऐकल्यावर बाई काय करील? कागदावर अंगठा.

त्या कागदावर काय होतं, ते तिला वाचता येत नव्हतं. आणि पिशवी असते कुठं, केवढी असते, तिच्या शेजारी काय असतं, हे तिला कुणी चित्र काढून दाखवलं होतं का, हा प्रश्न समितीच्या आकड्यांच्या आधीचा आहे.

चित्र अवघड नाही. कागदावर एक उलटा पेरू काढा, बाईच्या बंद मुठीपेक्षा थोडा लहान. ही गर्भपिशवी. खालचं निमुळतं टोक म्हणजे तिचं तोंड. वरच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकाशी बदामाएवढे दोन अंडकोश. पिशवी काढली तर पाळी थांबते आणि मूल होत नाही. पण अंडकोशही काढले तर अंगातला बायकी रस तयार होणं एकदम थांबतं. पस्तिशीतल्या बाईला पन्नाशीची लक्षणं येतात : अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ. ज्या बाईला पुढची वीस वर्षं मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचं आहे तिला हे आधी कळायला नको?

म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितली तर विचारायच्या गोष्टी अशा. मला चित्र काढून दाखवा, यातलं काय काढणार? अंडकोश ठेवणार का काढणार? सोनोग्राफीत काय दिसलं, ते चित्रावर दाखवा. गोळ्यांनी किती दिवस बघता येईल? कॅन्सरची भीती असेल तर तपासणी झाली का? सरकारी दवाखान्यात तीस वर्षांवरच्या बायकांच्या पिशवीच्या तोंडाला एक द्रावण लावून बघतात. ते पांढरं पडलं तर पुढची तपासणी करायची. ही तपासणी फुकट आहे आणि थोड्या वेळात होते. नुसतं द्रावणानं पांढरं पडलं म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही.

कायदा बाईच्या बाजूनं आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या एका प्रकरणात निकाल दिला. दुर्बिणीनं तपासणी करायची म्हणून एका महिलेला भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन पिशवी आणि अंडकोश काढून टाकले. न्यायालयानं सांगितलं की ही संमती धरता येत नाही. पेशंट स्वतः शुद्धीत आणि सज्ञान असेल तर संमती त्याचीच, आणि तीही आजार काय, उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे सांगितल्यावरची. एका कामाला दिलेली संमती दुसऱ्या कामाला चालत नाही. नवऱ्याची नाही, मुकादमाची तर अजिबात नाही.

२०१९ नंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांनी पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची असं ठरलं. २०२१ पासून राज्यातल्या खाजगी दवाखान्यांत रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी जागी लावणंही बंधनकारक आहे. ती लावलेली असते, बारीक अक्षरात, भिंतीवर उंच. ज्यांच्यासाठी लावली त्यांतल्या बऱ्याच जणींना ती वाचता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. सोबत नेलेल्या शिकलेल्या पोरीकडून ती तिथंच मोठ्यानं वाचून घ्यावी.

घरी काय करायचं

गोळ्यांसाठी : औषध घेताना कंपाउंडरला किंवा मेडिकलवाल्याला पेन द्यावा आणि पट्टीच्या मागं खूण करायला सांगावी. उगवता सूर्य म्हणजे सकाळ, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपार, चंद्राची कोर म्हणजे रात्र. जेवणानंतरची असेल तर भरलेलं ताट, उपाशीपोटीची असेल तर रिकामं ताट. अर्धी गोळी असेल तर अर्धा गोल. खिडकीतून हलण्याआधी आपणच एकदा उलट सांगायचं : "ही सकाळी जेवून एक, ही रात्री अर्धी, बरोबर ना?" चूक तिथल्या तिथं सापडते. पट्टी कापून देत असतील तर नाव आणि तारीख असलेला तुकडा आपल्याकडं मागावा. पट्टी संपवताना त्या टोकाची गोळी शेवटी खावी.

जुलाबासाठी : ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. लिटरची पाण्याची बाटली घरात असतेच, तेच माप. पाकीट अर्धं-अर्धं करून तांब्यात अंदाजानं टाकू नये, पातळ झालं तर उपयोग नाही आणि घट्ट झालं तर अपाय. छोटी, कमी पाण्याची पाकिटंही मिळतात, म्हणून घेताना विचारून बाटलीवर पेनानं रेघ मारून घ्यावी. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. प्रत्येक जुलाबानंतर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पाच चमचे, दोन महिने ते दोन वर्षांपर्यंत पाव ते अर्धा कप, त्यापुढं अर्धा ते एक कप. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. चौदा दिवस मोजायला भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा चौकोनांत टिंब काढून ठेवावं, गोळी दिली की टिंबावर रेघ.

लेकराच्या तब्येतीसाठी : अंगणवाडीताईकडं दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती लावतात. हिरव्यात आलं तर ठीक. पिवळ्यात, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या आत, तर खाण्याकडं लक्ष. लाल, म्हणजे साडेअकराच्या आत, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा तक्ताही रंगीतच असतो : हिरवा, पिवळा, नारिंगी. मुलीचा गुलाबी, मुलाचा निळा, तो उलटा भरला जात नाही ना ते बघावं. आणि ठिपका कुठल्या रंगात आहे यापेक्षा मागच्या महिन्याच्या ठिपक्यापासून रेष कुठं चाललीय ते महत्त्वाचं. वर गेली तर चांगलं. आडवी राहिली तर मूल हिरव्यात असूनही ताईला कारण विचारावं. खाली आली तर थांबू नये.

आशाताईंसाठीही एक. फ्लिप चार्ट दाखवताना मजकुराची बाजू आपल्याकडं आणि चित्राची समोर, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण चित्र दाखवून लगेच बोलायला सुरुवात करण्यापेक्षा आधी "यात काय दिसतंय?" असं विचारून बघावं. बाई जे सांगेल त्यावरून कळतं पुढं काय बोलायचं ते.

ऊसतोडीला निघणाऱ्या घरांनी गाडीत सामान भरायच्या आधी मोबाईलमध्ये काही फोटो काढून ठेवावेत. माता-बाल कार्डाचं लसीचं पान, वजनाच्या रेषेचं पान, चालू गोळ्यांच्या पट्ट्या नाव दिसेल अशा, आणि मोठं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड. कर्नाटकात गेलं तर तिथल्या सिस्टरला मराठी वाचता येईलच असं नाही, पण लसीची नावं आणि तारखा तिला कळतात. आशाताईकडून एक व्हॉइस मेसेजही घ्यावा : पुढची लस कधी, कोणती गोळी कशी. तो परत परत ऐकता येतो. अडलं तर सल्ल्यासाठी १०४ आणि ॲम्ब्युलन्ससाठी १०८. हे आकडे कोपीच्या आतल्या बाजूला कोळशानं लिहून ठेवले तर पोराबाळांनाही दाबता येतात.